मदत हवी आहे: साडेपाच तासांत विमान पोचतं कसं?

घाईतला: आईबाबांची तिकिटं बहिणीने काढून पाठवलीत. निघणार रात्री १:३०, पोचणार सकाळी ७:००. तारीख दोन्हीकडे १४. म्हणजे साडेपाच तास? अंतर तर साडेबारा हजार किमी दाखवतंय. तिकीट चुकलंय का? बाबा इन्सुलिनवर आहेत, खरे तास हवेत. लवकर सांगा.

कोथरूडकर: कुठून कुठे? महिना कुठला? थेट की मधे बदलून?

पमाकाकू: व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेव. आम्ही दोघं धडधाकट आहोत, तरी घेतो. इमिग्रेशनच्या रांगेत कोण उभं राहणार!

घाईतला: काकू, व्हीलचेअरचं नंतर बघू. मुंबई ते न्यूयॉर्क, थेट, नोव्हेंबर.

नकाशेबाज: तिकिटावरच्या वेळा ज्या-त्या गावच्या असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात. मग न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. तिथले सकाळचे ७ म्हणजे इथले संध्याकाळचे ५:३०. झाले १६ तास. तिकीट बरोबर आहे.

कोथरूडकर: १२,५०० भागिले विमानाचा वेग ताशी ९००, चौदाच येतात. वरचे दोन तास कुठे गेले?

खानदेशी: पृथ्वी खालून फिरते ना, म्हणून.

नकाशेबाज: मग जाताना लवकर पोचायला हवं, न्यूयॉर्कच समोरून चालत येतंय! हवाही पृथ्वीबरोबरच फिरते हो. कारण वारा. दहा-बारा किमी उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीशी. शिवाय साडेबारा हजार हे सरळ अंतर, विमान वळसे घेत जातं. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन न्यायला घेतलं. अंतर हजाराहून जास्त किमी वाढलं, तरी विमान आधीपेक्षा लवकर पोचायला लागलं.

खानदेशी: एवढं कोणी विचारलं होतं?

पमाकाकू: भांडा तुम्ही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं. आणि तिकडचं घड्याळ बघून टोचू नका. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, डोस कधी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सोबत इंग्रजीत चिठ्ठी. सीताफळं बांधून देऊ नका, तिकडे काढून घेतात.

कोथरूडकर: १४ ची रात्री १:३० म्हणजे १३ ला रात्री जेवून लगेच घर सोडायचं. लक्षात आहे ना?

घाईतला: थांबा. मी टॅक्सी १४ ला रात्री १० ची सांगितलीय. फोन करतो.

ठाणेकर८२: लंडनला नऊ-साडेनऊ तास लागतात. मी दोनदा गेलोय.