मदत हवी आहे: आठवी-नववीच्या वार्षिक परीक्षेत कॉपी कशी थांबवावी?

चोपडा_मास्तर
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या माध्यमिक शाळेसाठी विचारतोय. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आहे. आठवीचे ५८, नववीचे ६१ विद्यार्थी. पाच खोल्या, प्रत्येकीत दोघांचे १२ बाक. दहावीला बोर्डाचं भरारी पथक, बैठं पथक असतं. शाळेच्या परीक्षेला आपले आपणच. अडचणी तीन. खिडकीतून चिठ्ठ्या येतात, आणि एप्रिलच्या उन्हात खिडक्या बंद ठेवता येत नाहीत. पर्यायी प्रश्नांची उत्तरं बोटांनी सांगितली जातात. पेपर गावातल्या झेरॉक्सवर काढावे लागतात. झडत्या घेऊन पोरांना घाबरवायचं नाही. पण नववी अशीच काढलेलं पोर दहावीच्या पेपरला कोरं बसतं, ते बघवत नाही.

गणित_धुळे
सर, निम्मं काम आसनव्यवस्थेत होतं. एका बाकावर एक आठवीचा, एक नववीचा, एवढं बहुतेक शाळा करतात. पण मग पुढे-मागे एकाच वर्गाची मुलं येतात. म्हणून ओळ बदलली की बाजू बदला. पहिल्या ओळीत डावीकडे आठवी, उजवीकडे नववी. दुसऱ्या ओळीत उलट. आता शेजारी, पुढे, मागे आणि मधल्या वाटेपलीकडेही दुसरा वर्ग येतो. उरतो फक्त तिरपा कोपरा. त्यासाठी दोन संच काढा: पहिल्या व तिसऱ्या ओळीला अ, दुसऱ्या व चौथ्या ओळीला ब. नववीची तीन मुलं जास्त उरतात. त्यांना शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या ओळीचे दोन बाक द्या; दोघं एकत्र बसतील त्या बाकावर एकाला अ, एकाला ब.

संच म्हणजे प्रश्नांचा क्रम बदलणं नव्हे. पोरं दोन मिनिटांत क्रम जुळवतात. आकडे बदला. अ मध्ये x + y = ७, x − y = १ (उत्तर ४, ३), तर ब मध्ये x + y = ९, x − y = १ (उत्तर ५, ४). काठिण्य तेच, आकडेमोडही तेवढीच. ब संचात कुणी ४, ३ लिहिलं की तपासतानाच कळतं.

विज्ञानताई
विज्ञानातही जमतं. १२ व्होल्ट तसंच ठेवा. एका संचात रोध ६ ओहम, दुसऱ्यात ४. विद्युतधारा २ आणि ३ अँपिअर येते. बोटांच्या खुणांवर उपाय असा: दोन्ही संचांत पर्यायांचा क्रम बदला आणि ‘पर्यायाचं अक्षर नको, पूर्ण उत्तर लिहा’ अशी सूचना पेपरवरच छापा. बोटाने ‘दुसरा’ दाखवता येतं, ‘प्रकाशसंश्लेषण’ दाखवता येत नाही. इतिहास-भूगोलात मात्र दोन संच काढायला वेळ लागतो. तिथे निदान ‘कारणे लिहा’चे प्रश्न तरी वेगळे ठेवा.

तापीकाठ
खिडकीला आपल्याकडे रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट लावा, ५० टक्केवाली. हवा येते, चिठ्ठी येत नाही. चौकटीपेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठी कापा आणि बाहेरून गजांना बाइंडिंग तारेने बांधा. खालची कड सुटी राहिली तर सगळं वाया, चिठ्ठी तिथूनच सरकते. बाक भिंतीपासून तीन फूट आत घ्या.

झेरॉक्सचं जास्त सांभाळा. पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात पाठवू नका. ती त्याच्या फोनमध्ये, संगणकात, डाउनलोडमध्ये अशी तीन ठिकाणी राहते. पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला जा, छपाई होईपर्यंत तिथेच थांबा, खराब निघालेल्या प्रतीसुद्धा मोजून परत आणा. शाळेत आल्यावर खोलीनिहाय पाकिटं करून त्याच दिवशी सील करा. पाकीट वर्गातच, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडायचं.

परीक्षाविभाग
पुरवण्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. पहिल्या पेपरला कोरी पुरवणी खिशात जाते, घरी भरली जाते आणि पुढच्या पेपरला जोडली जाते. रोज पुरवणीवर तारीख-विषयाचा शिक्का आणि क्रमांक टाका. पर्यवेक्षकाने सही पुरवणी देतानाच करायची. उरलेल्या मोजून परत घ्या.

पर्यवेक्षक त्या दिवशीच्या विषयाचा नको, आणि खोली सकाळी चिठ्ठी टाकून ठरवा. पर्यवेक्षकाने वर्गाच्या मागे उभं राहावं. तो कुठे बघतोय हे पोरांना दिसत नाही, तेव्हा मानाही कमी वळतात. मोबाइल कार्यालयात जमा, शिक्षकांचेही. वर्गात उत्तरपत्रिका तपासत बसणं बंद. आणि शिक्षकच उत्तर सांगत असेल तर वरचं सगळं फुकट आहे, हे बैठकीत मुख्याध्यापकांनी स्पष्ट बोलावं. पहिला तास कुणालाही बाहेर सोडू नका.

विज्ञानताई
हे शेवटचं पटत नाही. मुलींना पाळीच्या दिवसांत असं अडवता येणार नाही. एका वेळी एकीलाच सोडा, वेळ वहीत लिहा; स्वच्छतागृह पेपरआधी आणि दर तासाला शिपाईमावशींनी बघावं. चिठ्ठ्या तिथेच दडवलेल्या असतात.

चोपडा_मास्तर
ताई, बरोबर आहे तुमचं. झडतीऐवजी काय करावं? आणि पकडल्यावर?

परीक्षाविभाग
ताई, मान्य. ती अट काढतो.
सर, दप्तरं आणि चपला व्हरांड्यात. खिसे मुलांनी स्वतः उलटे करून दाखवायचे, अंगाला हात लावायचा नाही, मुलींचं मॅडमनी बघायचं. पॅड, पट्टी आणि कंपासपेटीचं झाकण दोन्ही बाजूंनी बघा. पेन्सिलीने बारीक लिहिलेलं तिरप्या उजेडात दिसतं.

सापडला तर आरडाओरडा नको, मारणं तर नकोच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. जिथपर्यंत लिहिलंय तिथे लाल रेघ, वेळ आणि सही. चिठ्ठी त्या उत्तरपत्रिकेला टाचा, नवीन उत्तरपत्रिका द्या, उरलेला पेपर लिहू द्या. पेपर संपल्यावर त्याच्याच अक्षरात जबाब घ्या, पालकांना बोलवा. किती गुण कापायचे ते परीक्षेआधी ठरवून फलकावर लावलेलं असावं, म्हणजे गावातला कुणी मध्ये पडला तरी फलकाकडे बोट दाखवता येतं.

गणित_धुळे
एक राहिलं. अ आणि ब च्या उत्तरसूच्या वेगळ्या रंगाच्या कागदावर काढा, आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर संचासाठी चौकट ठेवा. मुलं ती भरायला विसरतात; पहिल्या दहा मिनिटांत पर्यवेक्षकाने फिरून बघावं.