मदत हवी आहे : पहलगाम स्मृतिदिनाची सभा

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीकर. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन पठारावर दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यात आमच्या शहरातले तिघे होते. भागशाळा मैदानावर अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी इथे कुणी विसरलेलं नाही.

स्मृतिदिनाला सोसायटीत सभा घ्यायची आहे. त्या तिघांच्या घरच्यांना आधी विचारणारच, त्यांना नको असेल तर विषय संपला. पण दुसरी अडचण मोठी आहे. थंडीत शाली विकायला येणाऱ्या काश्मिरी विक्रेत्यांना गेटवरच अडवा, असा ठराव याच सभेत मांडायचं काही सभासदांच्या मनात आहे. ती वाईट माणसं नाहीत, त्यांचा राग खरा आहे. पण धर्म विचारून गोळ्या घातल्या, असं बचावलेल्यांनी सांगितलं. मग आपणही नाव विचारूनच माणूस ठरवायचा का? पर्यटकांना वाचवू पाहणारा स्थानिक घोडेवालाही त्यात गेला, दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात निषेधाचा बंद पाळला गेला. हे सभेत सांगावं असं मला मनापासून वाटतं. मात्र ते उपदेशासारखं झालं तर घरच्यांचं दुःखच बाजूला पडेल, ही भीती आहे.

तुमच्याकडे अशी सभा झाली असेल तर सांगा, बोलायला कुणाला बोलावलंत? असे ठराव सभेबाहेर कसे ठेवलेत? पुण्यातली ‘सरहद’ संस्था काश्मिरी मुलांच्या शिक्षणाचं काम करते. तिथे कुणाची ओळख असेल तर कृपया कळवा. कमिटीची बैठक येत्या रविवारी आहे.