वाघाला अंडरपास, आणि उंदराला काय?

रानवेडा: पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या एनएच ४४ हायवेवर पुलाखालून वाघ जातानाचे फोटो परत फिरायला लागलेत आणि खाली सगळ्यांचं तेच, बघा रस्ताही झाला जंगलही वाचलं. वाघाचं ठीक आहे हो. आपण रोडकिल, म्हणजे गाडीखाली मेलेली जनावरं मोजतो, म्हणजे जे रस्त्यावर आले तेच, पण जे कडेपर्यंत येऊन मागे फिरतात त्यांचा हिशेब कोण ठेवतो? कॅनडात ऑन्टारिओमधे १९७४ सालीच दाखवलंय की दोन बाजूंच्या झाडीत २० मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की जंगलातले उंदीर, खारी सहसा पलीकडे जातच नाहीत. आपला चौपदरी बघा मग.

टोलनाका: मग रस्ते करायचेच नाहीत का? पेंचला ९ ठिकाणी खालून जागा सोडलीय, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत, ससे रानमांजरं पण जातात तिथून. आणि उंदीर तर रस्त्याकडेच्या गवतात उलट वाढतात, कारण त्यांना खाणारे तिकडे कमी फिरकतात. हे पण अभ्यासातलंच आहे, तुमच्या सोयीचं तेवढं सांगू नका.

रानवेडा: वाढू देत की. दोन्हीकडे ढीगभर उंदीर आहेत पण इकडचा तिकडे जातच नाही, तर सोयरीक आपसातच होणार ना.

निशाचर: दोघंही सगळ्या छोट्या जनावरांना एकाच पोत्यात भरताय. उंदीर बिचकतो तो डांबराला, गाड्या कमी केल्या तरी त्याला विशेष फरक पडत नाही. साळिंदर, उदमांजर, ससा मात्र रात्री बिनधास्त रस्त्यावर येतात आणि मरतात, त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलासारखी रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंदच कामाची.

टोलनाका: नऊला रस्ता बंद करा आणि भाजीच्या गाड्या काय तुम्ही डोक्यावर नेणार?

घाटमाथा: शेकरूचं कुणी बोलतच नाही, आपला राज्यप्राणी आहे म्हणे! तो जमिनीवर क्वचित उतरतो, वर फांद्या भिडलेल्या हव्यात. रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली की त्याचा रस्ताच गेला, खालून कितीही मोठा पूल द्या. दोराची शिडी तरी बांधा वरून.

टोलनाका: बांधाल हो, चार पावसाळ्यांनी लोंबकळायला लागली की कोण चढणार वर?

साईटवरचा: मी रस्त्याच्याच कामात आहे. पाणी जायला रस्त्याखाली मोऱ्या तर आपण घालतोच, फक्त पावसात त्या भरून वाहतात आणि छोटं जनावर आत शिरत नाही. एका बाजूच्या भिंतीला पाण्याच्या वर फूटभर रुंदीचा कोरडा कट्टा काढला की मुंगूस, उंदीर जाऊ शकतात. हॉलंडमधे बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या जनावरासाठी ३०-४० सेंटीमीटर व्यासाचे पाइप टाकतात रस्त्याखालून. ड्रॉइंगमधेच असेल तर खर्च किरकोळ आहे, एकदा डांबर पडल्यावर कोणी फोडून देत नाही.

टोलनाका: कट्ट्याला माझी ना नाही. पण टेंडरमधे लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच बिलात तो उडणार.

रानवेडा: आणि गाळ काढायचं पण लिहा त्यातच.