चर्चा: तिसरी-चौथीला इतिहास बोरघाटाच्या रेल्वेतून शिकवावा का?

घाटमाथा: पुण्यातल्या शाळांनी तिसरीपासून तो तसाच शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. पुणे–खंडाळा गाडी 1858 मध्ये सुरू झाली, घाटातला मार्ग 1863 मध्ये. मधली पाच वर्षं प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखीने नाहीतर तट्टावरून खोपोली गाठायचे आणि तिथून पुन्हा गाडीत बसायचे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ आठ वर्षांच्या मुलाला याहून सोपं कसं सांगणार? सुतळी घ्या, वर्षाला 10 सेंमी. 1853 (बोरीबंदर–ठाणे), 1858, 1863, 1930 (डेक्कन क्वीन) आणि शेवटी मुलांच्या जन्मवर्षाची गाठ मारा. लांबी 16 मीटरच्या वर जाते, म्हणून व्हरांड्यातच बांधा. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि मापं चुकतात.

पाटीपेन्सिल: माझा विरोध आहे. चौथीला शिवछत्रपती आहेत आणि तासिका मोजक्या. रेल्वे काढली की मुलं इंजिनातच अडकतात. 25 बोगदे, 37 ला 1 चढ (37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), हे सगळं सामान्यज्ञान झालं. इतिहासात माणसं हवीत. घाटात हजारो मजूर पटकीने आणि अपघातांत गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारले आणि पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेलं, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. मजुरांची नावं कुणी सांगेल? मुलांच्या डोक्यात ‘इंग्रजांनी रेल्वे दिली’ एवढंच राहतं.

घाटमाथा: मजुरांपर्यंत त्या चढावरूनच जाता येतं. 185 सेंमीची फळी घ्या, एका टोकाखाली 5 सेंमीचा ठोकळा ठेवा. मध्ये टेकू द्या, नाहीतर फळी वाकते आणि खेळण्यातली गाडी तिथेच थांबते. एवढासा उतार, तरी गाडी आपोआप धावते. मग विचारा, अख्ख्या सह्याद्रीत एवढाच चढ ठेवायला किती कातळ फोडावा लागला असेल? सुरुंग, पहारी, घमेली आणि ती उचलणारे हात, सगळं तिथे येतं.

राजमाचीकर: दोघंही रुळांपासून सुरुवात करताय, मी वाटेपासून करेन. कार्ल्याची लेणी, राजमाची, रेल्वे, द्रुतगती मार्ग, सगळं एकाच घाटवाटेच्या आधाराने आहे. शिवकाळ त्यात सहज बसतो. आणि सहल काढणार असाल तर लक्षात घ्या: पुण्याची लोकल लोणावळ्यापर्यंतच जाते, घाट त्याच्या पुढे. मुलांना घाट दिसणारच नाही. त्यापेक्षा मळवलीला उतरा. एका बाजूला लोहगड-विसापूर, दुसऱ्या बाजूला कार्ले, मधून रूळ. मात्र रुळांवर कुणालाही उतरवू नका. दोन रुळांमधलं 1676 मिमी अंतर शाळेच्या मैदानात फक्कीने आखा, चौथीतलं मूल त्यात आडवं झोपून मावतं.

पाटीपेन्सिल: मळवली मान्य, पण चौथीतच आणि शिवकाळाचे धडे संपल्यावर. सुतळीत मात्र मोठी खोट आहे. 1863 ते 1930 हे 6.7 मीटर मोकळे राहतात आणि मुलांना वाटतं, तेव्हा काही घडलंच नाही. तिथे घरोघरच्या पणजोबा-पणजीच्या जन्माच्या गाठी मारायला लावणार असाल, तरच पुढे बोलू.