प्रदीप भिडे, सातच्या बातम्या… तेव्हा फक्त बातम्या वाचून घर चालायचं का?

मृण्मयी_डोंबिवली: माझी भाची बारावी झालीये आणि तिला न्यूज अँकरच व्हायचंय. घरात विषय निघाला की आई लगेच मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या प्रदीप भिडेंचं नाव काढते, की तसा आवाज परत ऐकला नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय की त्या काळातल्या लोकांचं करिअर नेमकं कसं असायचं? दूरदर्शनची पर्मनंट नोकरी होती का, आणि बातम्यांशिवाय ते काय करायचे? जुन्या लोकांनी प्लीज लिहा.

जुना_अँटेना: ताई, चांगला विषय काढलात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, आणि पुण्याला ते दिसायला लागलं 1973 मध्ये सिंहगडावर टॉवर आल्यावर. मराठी बातम्यांचे पहिले निवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे. आता पगाराचं. बातम्या वाचणारे बहुतेक जण दूरदर्शनचे नोकर नव्हतेच, पॅनेलवर असायचे, ज्या दिवशी ड्युटी त्या दिवसाचं मानधन मिळायचं, त्यामुळे प्रत्येकाचं दुसरं काहीतरी चालूच असायचं. अनंत भावे मुलांसाठी कविता लिहायचे. भक्ती बर्वे नाटकात. स्मिता पाटील पण तिथूनच आल्या, जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, आणि श्याम बेनेगलांनी त्यांना हेरलं ते याच काळात.

भिडेंनी आधी खासगी कंपन्यांत जनसंपर्काचं काम केलं आणि नंतर आवाज हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. जाहिराती, माहितीपट, सरकारी सोहळ्यांचं सूत्रसंचालन, स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ, सगळं. 7 जून 2022 ला ते गेले तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, कारण आमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तेच होते.

शब्दवेडा_सांगली: +१. एक सांगतो, तेव्हा सुरुवातीला टेलिप्रॉम्प्टर नव्हता. हातात कागद, मान वर करायची तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यात पाहिजे, आणि ऐनवेळी नवीन कागद आला तर तो न अडखळता वाचायचा. आजचे अँकर ओरडतात ते मला बघवत नाही. भिडे पुराची बातमी आणि निवडणुकीचा निकाल वेगळ्या वजनाने वाचायचे, पण आवाज कधी चढायचा नाही. भाचीला हेच ऐकवा.

नागपूरकर_७१: हिंदीत सलमा सुलतान बघा. 1967 ते 1997, केसात कानाजवळ गुलाब. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराजींना सकाळी साडेनऊच्या आसपास गोळ्या लागल्या, आणि दूरदर्शनवर ती बातमी संध्याकाळी त्यांनी वाचली. दिवसभर देशात अफवा फिरत होत्या, बीबीसीने आधीच सांगितलं होतं, आणि अख्खा देश बघत असताना ती बातमी एका बाईने शांतपणे वाचायची. याला किती ताकद लागत असेल याचा विचार करा! बातम्या सोडल्यावर त्या सीरियलच्या दिग्दर्शनाकडे वळल्या. इंग्रजीत गीतांजली अय्यर, त्या पण बातम्यांच्या जोडीला इतर संस्थांमध्ये काम करायच्या. म्हणजे ताई, दुसरं काम जोडीला असणं हे सगळीकडेच होतं.

जुना_अँटेना: बरोबर. आणि भाचीला एक प्रॅक्टिकल गोष्ट, पेपरमधली बातमी रोज मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. चमच्यातला च आणि चहातला च, ण आणि न, गावांची नावं, हे पक्कं पाहिजे. गडचिरोलीच्या माणसाला आपल्या तालुक्याचं नाव चुकीचं ऐकू आलं तर त्याचा विश्वास तिथेच जातो.

मृण्मयी_डोंबिवली: खूप आभार सगळ्यांचे, पॅनेल आणि मानधनाचं तर आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आई पण म्हणाली की आम्हाला वाटायचं हे सगळे सरकारी नोकरीत असतील. डिग्रीच्या जोडीला व्हॉइसओव्हरचं शिकायचं असं भाचीचं ठरतंय. आता ज्योत्स्ना किरपेकर यांच्याबद्दल पण कोणीतरी लिहा ना, आई त्यांची फॅन आहे.