सील आणि सी लायन : कानांआधी मागचे पाय पाहावेत

सील आणि सी लायन हे दोन समुद्री प्राणी कानाच्या पाळीवरून ओळखावेत, कारण बाहेर दिसणारी पाळी सी लायनला असते आणि खऱ्या सीलला नसते, ही नेहमीची सूचना योग्यच आहे. परंतु सी लायनची पाळी इतकी लहान असते आणि ओली झाल्यावर डोक्याला अशी चिकटते, की लांबून ती बहुधा दिसतच नाही. त्यामुळे प्राणी खडकावर असेल, तर आधी त्याचे मागचे पाय पाहावेत, असे मी सुचवेन. सी लायन ते शरीराखाली पुढे वळवू शकतो आणि लांब, जवळजवळ केसविरहित पुढच्या पायांवर धड उचलून चक्क चालतो. खऱ्या सीलचे मागचे पाय मात्र कायम मागेच राहत असल्याने त्याला जमिनीवर पोटावर अळीसारखे सरकावे लागते. त्याचे पुढचे पाय आखूड व केसाळ असून टोकाला नख्या स्पष्ट दिसतात. पाण्यात सी लायन पुढच्या पायांनी, तर सील मागच्या पायांनी वेग घेतो.

नावांवर मात्र विसंबू नये. सर्कशीत नाकावर चेंडू तोलणारा ‘सील’ बहुतेक वेळा कॅलिफोर्निया सी लायनच असतो. फर सीललाही कानाची पाळी असते आणि तो सी लायनच्याच, म्हणजे ओटॅरिडी कुळातला आहे. एलिफंट सील मात्र खरा सील. वॉलरस सी लायन आणि खरे सील या दोघांच्याही कुळांबाहेरचा: त्याला पाळी नसते, तरीही मागचे पाय पुढे वळतात, पण सुळ्यांमुळे तो सहज ओळखू येतो.