ॲनिमेशनच्या डिग्रीला बारा लाख: घालावेत की नाही?

अनुराधा_मिरज
मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. इंजिनिअरिंगचं नाव काढलं की ताटावरून उठते. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, वह्यांची मागची पानं चित्रांनी भरलेली. तिला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात ‘ॲनिमेशन अँड व्हीएफएक्स’ची चार वर्षांची डिग्री करायची आहे. फी एकूण बारा लाख, हॉस्टेल वेगळं. माझा भाऊ अंधेरीत पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे. तो म्हणतो, “ताई, पैसे पाण्यात घालू नकोस. वर्षाचा कोर्स करू दे, रील, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांची छोटी फिल्म, बनवू दे. कागद हवाच असेल तर मुक्त विद्यापीठातून बीए होईल.” मुलीचे बाबा म्हणतात, डिग्री नसेल तर उद्या दारात कोण उभं करणार? क्षेत्रातल्यांनी स्पष्ट सांगा. गोड बोलू नका.

रोटोवाला
मामांना माझा नमस्कार सांगा.

इतकी वर्षं मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये काढली, एकाही ठिकाणी मार्कशीट मागितली नाही. रील मागतात. तीही पहिली वीस-तीस सेकंदं बघतात, आवडली तर पुढे. हल्ली मुलं निवडायला मीही बसतो. एकाच कॉलेजची दहा पोरं आली की दहाही रीलमध्ये तोच रोबो, तोच पडका कारखाना, तीच आग. सरांनी दिलेली असाइनमेंट जशीच्या तशी. डिग्री सगळ्यांकडे.

सुरुवात बहुतेकांची रोटोने होते. म्हणजे फ्रेममधल्या माणसाच्या कडेने रेघ आखून त्याला मागच्या दृश्यापासून सुटं करायचं. सेकंदाला २४ फ्रेम, चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६. नायिकेचे केस वाऱ्यावर उडत असले की आलीच पंचाईत, प्रत्येक बटेला वेगळा शेप. सुपरवायझर झूम करून बघतो, कड थरथरली की शॉट परत. हे हातात बसायला काही महिने लागतात. त्यासाठी चार वर्षं आणि बारा लाख?

आणि ‘डिग्रीशिवाय किंमत नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने १९६० पासून कित्येक दशकं डिप्लोमाच दिला. अहमदाबादच्या एनआयडीला (राष्ट्रीय डिझाइन संस्थेला) डिग्री देता येऊ लागली ती २०१४च्या कायद्यानंतर. तिथल्या लोकांचं काय अडलं?

खडू_फळा
अॅप्लाइड आर्ट शिकवतो, म्हणजे माझं पोट डिग्रीवर आहे हे आधीच सांगून टाकतो.

रोटोवाले, उदाहरणं खरी आहेत, पण तुमच्या बाजूने नाहीत. फिल्म इन्स्टिट्यूटचा दिग्दर्शनाचा डिप्लोमा तीन वर्षांचा, तोही पदवीनंतर. एनआयडीचा पदवीस्तरावरचा डिप्लोमा चार वर्षांचा होता. दोन्हीकडे हजारोंतून मोजकी मुलं घेतात. त्या डिप्लोम्याचा दाखला देऊन तुम्ही स्टेशनसमोरच्या क्लासचा वर्षाचा कोर्स विकताय!

राहिला रोटो. काही महिन्यांत हाताला बसतं म्हणता, मग मशीनला बसायला किती लागेल? आजच सॉफ्टवेअर अर्धी कड आपोआप धरतं. वर्षाचा कोर्स नेमकं तेच शिकवतो जे सगळ्यात आधी जाणार आहे. उठताना वजन कुठल्या पायावर येतं, म्हातारा जिना कसा चढतो, भीती वाटली की खांदे आधी हलतात की मान, हे बघायची नजर यायला वर्षं जातात. जिवंत माणूस समोर बसवून रेखाटनं करावी लागतात, शेकड्यांनी. ते घरी बसून यूट्यूबवर फार थोड्यांना जमतं, आणि त्या थोड्यांना या धाग्याची गरजच नसते.

चहा_बिस्किट
बीई मेकॅनिकल. सध्या वेडिंग व्हिडिओ एडिट करतो. माझं मत कुठल्या बाजूला धरायचं ते तुम्हीच ठरवा.

रोटोवाला
@खडू_फळा नजर हवी हे कोण नाकारतंय? पण ती कॉलेजातच येते हे कुणी सांगितलं? मुंबईत १९५६ मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट उभं राहिलं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. ॲनिमेटर राम मोहन तिथेच घडले, आणि ते रसायनशास्त्र शिकून आलेले! काम करत शिकले. प्रभात फिल्म कंपनीची मंडळी तरी कुठल्या कॉलेजची? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाली. आज ज्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे तो मुळात प्रभातचा स्टुडिओ. डिग्री नसलेल्यांच्या अंगणात बसून डिग्रीचं कौतुक चाललंय.

रंकाळा
बाबूरावांचं नाव निघालं म्हणून कोल्हापूरकराला बोलणं भाग आहे. त्यांच्याकडे पोरं सेट रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं करायची, आणि गुरू दिवसभर डोक्यावर उभा. याला शिक्षणच म्हणतात हो. राम मोहन शिकत होते तेव्हा सरकार त्यांना पगार देत होतं. आज असा एक स्टुडिओ दाखवा जो नवख्या पोराला पगार देऊन दोन वर्षं शिकवतो. बरेच जण उलट ‘ट्रेनिंग’चे पैसे घेतात, वर बाँड लिहून घेतात. ती सोय गेली म्हणूनच कॉलेजं आली.

आणि अनुराधाताई, बारा लाख किंवा काहीच नाही, हे दोनच रस्ते कुणी ठरवले? बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची आहे. मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय आहे. नागपूरला, संभाजीनगरला सरकारी चित्रकला महाविद्यालयं आहेत, अनुदानित कॉलेजं आहेत. खासगी विद्यापीठाच्या मानाने फी किरकोळ. राज्याच्या कला सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढावं लागतं. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या पोरीला ते अवघड नाही. फाळके जे.जे.तच शिकले होते आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तेव्हा डिग्री-बिग्री नव्हती, पण शाळा होती.

खडू_फळा
@रंकाळा जे.जे.बद्दल मान आहेच. पण सरकारी आणि अनुदानित कला महाविद्यालयांची दुसरी बाजूही ताईंना कळू द्या. जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावरची माणसं वर्ग ओढतात. मी जिथे शिकवतो तिथे ॲनिमेशनला यंत्रं आहेत, शिकवणारा सोडून गेला. मूळ चित्रकला उत्तम होते, बाकी स्वतः बघावं लागतं.

टोरांटोची_थंडी
एक व्यवहाराचा मुद्दा कुणीच काढला नाही. व्हिसा ऑफिसर रील बघत नाही.

अमेरिकेच्या एच-वन-बीला, म्हणजे कामाच्या व्हिसाला, पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तीन वर्षांचा अनुभव म्हणजे एक वर्षाचं शिक्षण असा हिशेब धरतात. चार वर्षांची पदवी नसेल तर बारा वर्षं मोजत बसा. जर्मनीच्या ब्लू कार्डालाही, म्हणजे तिथे काम करण्याच्या परवान्यालाही, साधारणपणे पदवी लागते. कॅनडात पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, गुणांत शिक्षणाचे गुण वेगळे. माझ्या ओळखीत हात सोन्याचा असलेला एक कंपोझिटर (सुटी दृश्यं एका फ्रेममध्ये जोडणारा) आहे, बारावी पास. व्हँकुव्हरची ऑफर आली, कागदांपाशी अडकली.

रोटोवाला
मुक्त विद्यापीठाची बीएसुद्धा यूजीसीमान्यच आहे की, मामांनी तेच सांगितलंय. आणि परदेशाचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही बडी व्हीएफएक्स कंपनी बुडाली तेव्हा लंडन, मॉन्ट्रियल, बंगळूर सगळीकडचे लोक एकदमच घरी बसले. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी संप केला, तर इथे मालाडला शॉट यायचे थांबले. डिग्रीवाले, बिनडिग्रीवाले एकाच रांगेत होते.

टोरांटोची_थंडी
बीए चालेल हो, पण कामाशी संबंधित विषयातली पदवी दाखवणं सोपं जातं. वकिलाला पैसे दिलेत म्हणून माहीत आहे.

बँकेतला_काका
मला चित्रातलं शून्य कळतं. आकड्यातलं सांगतो.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळू शकतं. त्यावर बहुतेक ठिकाणी तारण मागतील, म्हणजे मिरजेचं घर कागदावर जाईल. समजा दरवर्षी तीन लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के. हप्ता कोर्स संपून एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. मध्ये व्याज भरलं नाही तर साध्या व्याजानेच पाचव्या वर्षाअखेर बाराचे सुमारे सोळा लाख चाळीस हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना बावीस हजार. मुलींना काही बँका अर्धा टक्का सवलत देतात, म्हणून हप्ता थोडा उतरेल.

रोटोवाले, सुरुवातीला हातात किती पडतात?

रोटोवाला
पंधरा-वीस. मुंबईत पीजीचं भाडं त्यातूनच.

बँकेतला_काका
मग हप्ता आईबाबाच भरणार, हे आज जेवणाच्या टेबलावर बोलून घ्या.

खडू_फळा
काका, हा हिशेब डिग्रीविरुद्ध जात नाही, बारा लाखांविरुद्ध जातो.

अनुराधा_मिरज
सगळ्यांचे आभार. काकांचा हिशेब वाचून ह्यांनी दोनदा कॅल्क्युलेटर काढला. काल रात्री मुलीला समोर बसवून विचारलं, तुला नक्की करायचंय काय? तर म्हणाली, मला पात्रं काढायची आहेत, त्यांना चालतं-बोलतं करायचंय. स्फोट, आग, पाऊस, म्हणजे ज्याला व्हीएफएक्स म्हणतात, त्यात तिला काडीचा रस नाही. आम्ही ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स एकच समजत होतो. ब्रोशरमध्ये जोडूनच छापलंय.

खडू_फळा
मग त्या डिग्रीचा निम्मा अभ्यासक्रम तिच्या कामाचा नाही. तिने बीएफएची कला सीईटी, एनआयडीची प्रवेश परीक्षा आणि आयआयटीवाल्यांची डिझाइनची प्रवेश परीक्षा यूसीड यांचा विचार करावा. एनआयडीत ॲनिमेशन फिल्म डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. यूसीड फक्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत, म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नका. एक वर्ष तयारीत गेलं तर माझ्या मते बिघडत नाही.

रोटोवाला
वर्ष घरी बसवणार? त्यापेक्षा त्या वर्षात तीस सेकंदांची फिल्म करून होईल.

रंकाळा
दोन्ही करू दे की! सकाळी वस्तुचित्र, दुपारी फिल्म. अठराव्या वर्षी दमत नाहीत पोरं.

खडू_फळा
आणि खासगीचाच आग्रह असेल तर प्रवेशाआधी जाऊन या. ते पहिल्या नंबरची फिल्म दाखवतील, टाळ्या पडतील. तुम्ही वर्गातल्या पंधराव्या नंबरच्या पोराची मागा. ‘फाइल सापडत नाही’ म्हणाले तर चहा घेऊन परत या.

रोटोवाला
यावर एकमत. शिवाय शिकवणाऱ्यांपैकी शेवटचा शॉट कुणी कधी केला तेही विचारा. आणि लॅपटॉप आमच्याकडूनच घ्या म्हणाले तर चहाही घेऊ नका.